तिचा रोज हिशेबात धरा

८ मार्चला परभणीत आम्ही स्वतःचा उद्योग चालवणाऱ्या पाच बायकांचा सत्कार ठेवला होता. सकाळी अकराची वेळ. हॉल मिळाला होता, माईक नीट चालत होता, पाहुण्या वेळेवर आल्या होत्या. मंचावर मांडलेल्या पाच खुर्च्यांपैकी तीन मात्र रिकाम्या राहिल्या. पिठाची गिरणी चालवणारीच्या गल्लीत नेमकी त्याच वेळी लाईट आली होती, आणि सकाळपासून दळणाच्या डब्यांची रांग लागलेली होती. शिवणकाम करणारीकडे लग्नाचे ब्लाऊज होते. तिसरी खानावळवाली. तिचे डबे अकराला निघतात.

आम्ही दोन खुर्च्यांवर कार्यक्रम उरकला. भाषणं झाली. ‘घर आणि उद्योग यांचा समतोल साधणाऱ्या या भगिनी’ असं मीही म्हणाले. बोलताना त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहायचं मी टाळत होते, हे आज कबूल करते. काम करणाऱ्या बायकांचा सन्मान आम्ही अशा वेळी ठेवला होता, की काम करणाऱ्या बायकांना येताच येऊ नये.

संध्याकाळी मानपत्र घेऊन मी खानावळवालीच्या घरी गेले. ती कणीक तिंबत होती. तिनं ओल्या हातानं खूण करून ते कपाटावर ठेवायला सांगितलं आणि मग हसत म्हणाली, “ताई, ह्याच्याऐवजी दोन तास भांडे घासायला एखादं माणूस धाडलं असतं, तर लई उपकार झाले असते.” तिनं ते चेष्टेत म्हटलं होतं. पण मी घरी आले ती हे वाक्य डोक्यात घेऊनच. या अंकाचं संपादकीय त्या वाक्यावरच आहे.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले, वही घेऊन. म्हटलं, आज आपण दोघी मिळून तुझ्या धंद्याचा हिशेब मांडू. हिशेब तिला पाठच होता. बावीस डबे, दोन वेळचे. गावाकडून शिकायला आलेली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं. महिन्याला डब्यामागे २,६०० रुपये, म्हणजे एकूण ५७,२०० रुपये. किराणा १९,०००, भाजी आणि दूध ९,५००, गॅस ६,२००, डबे पोचवायच्या गाडीचं पेट्रोल २,००० आणि गटातून काढलेल्या कर्जाचा हप्ता ४,०००. खर्च ४०,७००. हाती उरले १६,५००. “वाईट नाही ना ताई?” तिनं विचारलं. वाईट नव्हतंच.

मग मी विचारलं, “आणि तुझी मजुरी कुठं लिहू?”

तिला प्रश्नच कळला नाही. “माझी कसली मजुरी? धंदा माझाच हाय.”

म्हणून आम्ही पैसे बाजूला ठेवले आणि तास मोजायला घेतले. पहाटे साडेचारला उठणं. आंघोळ, देवपूजा, सासूबाईंचा चहा आणि औषध, लेकरांची शाळेची तयारी हे सगळं डब्यांच्या मधेमधे. अकराला डबे गेले की सकाळची पातेली, मग कपडे, मग घरच्यांची जेवणं. एकच्या पुढे तिची पाठ टेकते, तेवढ्यात धाकटा शाळेतून येतो. चारला भाजी आणायला बाजार. रात्रीचे डबे साडेसातला. भांडी घासून, ओटा धुऊन, उद्याची भाजी निवडून अंथरुणाला पाठ लागते तेव्हा साडेदहा झालेले असतात. घरचं काम वेगळं काढून आम्ही फक्त खानावळीचे तास लिहिले. ते बारा भरले. महिन्याचे तीस दिवस, कारण पोरं रविवारीही जेवतात. १६,५०० भागिले तीस, म्हणजे दिवसाचे ५५०. भागिले बारा, म्हणजे तासाचे पंचेचाळीस-शेहेचाळीस रुपये. मालक, म्हणजे तिचा नवरा, रोज तीन तास डबे पोचवतो, ते तास यात धरलेच नाहीत.

तिच्याच गल्लीतली एक बाई खुरपणीला जाते. साडेदहा ते पाच, रोज ३०० रुपये. तिचाही हिशेब केला. तासाला शेहेचाळीस रुपये.

खानावळवाली बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी माझ्याच घरी खुरपायला जाते म्हणा की.”

या वाक्यानं मला माझी आई आठवली. सेलूला आमच्या घरी ओसरीत शिलाई मशीन होतं. वडील शिक्षक. गल्लीतल्या सगळ्यांचे झंपर, परकर, पोरींचे फ्रॉक आईच्या हातचे. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस रात्री दोन दोन वाजेपर्यंत मशीनचा आवाज यायचा आणि त्या आवाजात आम्ही झोपायचो. माझी कॉलेजची फी त्या मशीननं भरली. पण शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय मी स्वतःच्या हातानं ‘घरकाम’ असा लिहिला आहे. कुणी विचारलं तर आईही म्हणायची, “मी घरीच असते, फावल्या वेळात थोडं शिवते.” फावला वेळ! तिच्या मानेचं दुखणं आणि अधू झालेली नजर त्या फावल्या वेळानं दिली. चळवळीत येऊन इतकी वर्षं झाली, शेकडो बायकांना मी ‘घरकामाला मोल आहे’ असं सांगितलं. आईच्या त्या मशीनचा तासांचा हिशेब मात्र कधी मांडला नाही. आता मांडायला ती नाही.

हे एका खानावळीचं किंवा एका मशीनचं दुखणं असतं, तर संपादकीय लिहायचं कारण नव्हतं. २०१३-१४ मध्ये झालेल्या देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत बायकांच्या मालकीचे सुमारे साडेऐंशी लाख उद्योग मोजले गेले. सगळ्या उद्योगांच्या शंभरात ते जेमतेम चौदा. त्यातले जवळपास दोन तृतीयांश खेड्यांत. आणि या साडेऐंशी लाखांपैकी शंभरातल्या सुमारे त्र्याऐंशी उद्योगांत पगारी माणूस एकही नव्हतं. म्हणजे जिला आपण ‘उद्योजिका’ म्हणतो, ती बहुतेक वेळा स्वतःच मालक, स्वतःच कामगार, स्वतःच हमाल आणि स्वतःच हिशेबनीस असते. ती आजारी पडली की कारखाना बंद.

आणि कारखाना सुटल्यावर दुसरी पाळी घरची. आपल्या देशात लोकांचा वेळ कुठं जातो, याची पहिली सरकारी पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. देशभराची पाहणी व्हायला २०१९ साल उजाडलं. तिच्यात १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा ३१५ मिनिटं वेळ बिनमोबदला घरकामात जात असल्याचं दिसलं. २०२४ च्या पाहणीत ही मिनिटं ३०५ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी! या पाच वर्षांत किती गट झाले, किती कर्जं वाटली गेली, किती बायका ‘आत्मनिर्भर’ झाल्या, आणि घरातलं ओझं उतरलं ते दहा मिनिटांचं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ दीड तासाच्या आतबाहेर आहे. त्यातही हात लावणारेच थोडे. २०१९ च्या पाहणीत ते चारांत एकाच्या आसपास होते.

म्हणून मला ‘समतोल’ या शब्दाची आता चीड येऊ लागली आहे. परभणीच्या बाजारात कापडाचं, खताचं, मोबाईलचं दुकान चालवणारे कितीतरी पुरुष आहेत. त्यांचा सत्कार होतो तेव्हा ‘घर आणि दुकान कसं सांभाळता?’ असं कुणी विचारत नाही. कारण त्यांचं घर दुसरं कुणी सांभाळतं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. बाईला विचारलेला हा प्रश्न कौतुकाचा वाटतो. पण त्यात एक अट लपलेली असते: धंदा कर, पण घरचं काही अडता कामा नये. ही अट पाळता पाळता जे कापलं जातं ते तिची झोप, तिचं जेवण आणि तिचं दुखणं अंगावर काढणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. दिवसभर बावीस जणांना जेवू घालणाऱ्या आमच्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे. ती स्वतः जेवते दुपारी दीडला, उभ्यानं, उरलेलं.

आपल्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसला, तिच्या कामाला हात लावायला आला, असं शतकानुशतकं आपण भक्तीनं सांगत आलो. मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. भरल्या घरात राबणाऱ्या त्या दासीच्या जात्याचा खुंटा धरायला देवाला यावं लागलं, घरातलं माणूस उठलं नाही! आणि ती कथा ऐकून डोळे पुसणारे आजचे पुरुषही घरी जाऊन ताट धुवायला उठत नाहीत.

आता आपल्याकडे वळते. कारण हे संपादकीय केवळ पुरुषांना बोल लावण्यासाठी नाही.

आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झालं. २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम आला, २०११ मध्ये उमेद अभियान आलं. आपल्यासारख्या संघटनांनीही गावोगाव गट बांधले. बायकांना सावकाराच्या दारातून बाहेर काढलं, बँकेत स्वतःच्या नावानं सही करायला शिकवलं. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण गटाच्या बैठकीत आम्ही काय विचारत आलो? हप्ता भरला का, बचत किती झाली, माल खपला का. ‘परतफेड शंभर टक्के’ हे आम्ही फलकावर लिहून मिरवलं. ती परतफेड कुणाच्या झोपेतून झाली, हे विचारलं नाही. ‘घरी बसून करता येण्यासारखे उद्योग’ अशी शिबिरं घेतली. पापड, कुरडया, शेवया, मसाले, शिवण. त्यातून आम्ही नकळत सांगितलं, की घराच्या कामाला धक्का न लावता जे जमेल तेच बाईचं काम. मग घरच कारखाना झालं. गच्ची वाळवणाला, ओसरी मशीनला, स्वयंपाकघर खानावळीला. कारखान्याला भोंगा असतो, सुट्टी असते. या कारखान्याला दोन्ही नाहीत.

२०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली तेव्हा आपण आनंद मानला. पण ती नोकरीतल्या बाईला. जिची मालक तीच, तिला रजा कुणी द्यायची? पाळणाघराचे नियमही कामगार ठेवणाऱ्या मालकाला धरून केलेले. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या लेकराला सांभाळते, तीही दिवसाचे काही तास. त्याआधीचं लेकरू मशीनच्या पायाशी किंवा चुलीच्या धगीत वाढतं.

यावर उपायच नाही का? आपल्याच राज्यात बायकांनी काही वाटा शोधल्या आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथली एक रीत मला फार मोलाची वाटते. बाईनं किती किलो पापड लाटले, त्यावर तिच्या लाटण्याची मजुरी आधी ठरते आणि मिळते. नफा ही वेगळी गोष्ट, त्याची वाटणी वेगळी. आमच्या गटातली पापडवाली उडदाची डाळ धरते, पापडखार धरते, हिंग धरते, पिशवीसुद्धा धरते. स्वतःचा हात धरत नाही. मग तिचा पापड स्वस्त पडतो, व्यापारी तो खुशीनं नेतो आणि ती समजते की धंदा चालला.

दुसरं उदाहरण प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचं. १९७५ मध्ये मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या बायका त्यांनी एकत्र आणल्या. या बायकाही आमच्या मैत्रिणीसारख्याच, एका खोलीत, एकेकट्या राबत होत्या. एकत्र आल्यावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, गिऱ्हाईकं गावाकडे गेली. तेव्हा एकटी खाणावळवाली बुडाली असती. मंडळानं सगळ्यांनी मिळून चालवायच्या स्वयंपाकाची वाट धरली. एकटीच्या शेगडीवर सुट्टी मिळत नाही. दहा जणींच्या स्वयंपाकघरात एक जण आजारी पडू शकते.

आणि आपल्या दारात कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं. तिथल्या गृहविज्ञान महाविद्यालयात, आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात, शेतकरी बायकांचे कष्ट मोजून ते कमी करणाऱ्या साधनांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. कष्ट मोजता येतात, हे आपल्या जिल्ह्याला सांगावं लागू नये. शेतातले मोजले, तसे ओट्यापाशी आणि मशीनपाशी जाणारे तासही मोजायला घेऊ.

म्हणून आपल्या मंडळात आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे गटातल्या कुठल्याही उद्योगाचा हिशेब मांडताना पहिली ओळ तिच्या मजुरीची असेल. आधी तिचा रोज, मग डाळ आणि तेल. तो धरून माल विकत नसेल, तर तो उद्योग तोट्यात आहे हे स्पष्ट म्हणायचं. कर्जाच्या अर्जासोबत तिच्या दिवसाचे तास लिहायचे. झोप सहा तासांच्या खाली जात असेल तर कर्ज वाढवण्याआधी मदतनीस कशी मिळेल ते पाहायचं. मदतनीसही बाईच असणार, म्हणून तिलाही पुरा रोज द्यायचा, नाहीतर एकीचं ओझं दुसरीच्या डोक्यावर, एवढंच होईल. ज्या गावात पाच-सहा जणींची लहान लेकरं आहेत, तिथं पाळणाघरासाठी ग्रामपंचायतीकडे जागा मागायची. वर्षातून दोनदा गटाची बैठक नवऱ्यांसोबत घ्यायची आणि त्यात ‘मदत’ हा शब्द वापरायचा नाही. आपल्या घरचं काम करणारा माणूस मदत करत नाही, आपला वाटा उचलतो.

हे शेवटचं सगळ्यांना लागू नाही, याची मला जाणीव आहे. आपल्या जिल्ह्यात कितीतरी बायका एकट्या आहेत. टाकून दिलेल्या, विधवा, शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर मागं उरलेल्या. त्यांनी वाटा कुणाकडे मागायचा? पाळणाघर, स्वस्त सामाईक स्वयंपाकघर, दवाखान्यात संध्याकाळची वेळ, हे समाजानं आणि सरकारनं द्यायचं काम आहे. ते घराघरातल्या समजूतदारपणावर सोडून चालणार नाही.

कुणी म्हणेल, एवढं त्रासाचं आहे तर बायकांनी धंदा सोडावा. मी खानावळवालीला हे विचारलं होतं. ती चिडलीच. “सोडू कशापायी? आधी पाच रुपयांची टिकली घ्यायला सासूला विचारावं लागे. आता पोरीला नांदेडला शिकायला ठेवलं, ते ह्या डब्यांवर. मला धंदा नको असं कधी म्हणलं मी? मला झोप पाहिजे.” इतकी साधी मागणी आहे.

तिनं एक गोष्ट केली, ती सांगून थांबते. जूनपासून डब्याचे शंभर रुपये वाढवले आणि दारावर पाटी लावली: ‘रविवारी संध्याकाळी खानावळ बंद.’ दोन पोरं सोडून गेली, वीस राहिली. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम डोकावले. दार लोटलेलं होतं. नवरा ओट्याशी उभा राहून खिचडीला फोडणी देत होता, धूर झाला होता, आणि मला पाहून जरा ओशाळला. “झोपलीय,” तो हळू आवाजात म्हणाला, “चारपासून.” मी तिला उठवलं नाही.

पुढच्या ८ मार्चचा कार्यक्रम आम्ही रविवारी संध्याकाळीच घेणार आहोत, मग तारीख सातची येवो नाहीतर नऊची.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या गिरणी, मशीन, दुकान, दूध, पापड, पार्लर, काहीही चालवतात, त्यांना एक विनंती. एका दिवसाचे तास लिहून काढा, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि शेजारी त्या दिवसाची मिळकत लिहा. नाव नको असेल तर लिहू नका. पुढच्या अंकात आपण ते सगळे एकत्र छापू. लिहायला वेळ मिळाला नाही, तर निदान तेवढं एक वाक्य कळवा. तोही हिशेबच आहे.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.